त्वचेखालच्या गाठी आणि बंद केलेले दूध

संपादक महोदय,
स. न.

त्वचेखाली कॅल्शियम साठून कठीण गाठी झाल्या की पहिला दोष आहाराला दिला जातो. दूध बंद करा, नाचणी बंद करा, असे नातेवाईक सांगतातच, पण कधी कधी दवाखान्यातूनही तेच सांगितले जाते. माझ्या मुलीला ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस हा आजार आहे. तिच्या कोपरावर अशा गाठी आल्या तेव्हा आम्हालाही हाच सल्ला मिळाला. तो मुलांचे नुकसान करणारा आहे, म्हणून हे पत्र.

या आजारात रोगप्रतिकार यंत्रणा शरीराच्याच स्नायूंवर, त्वचेवर आणि बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. हा दाह दीर्घकाळ धुमसत राहिला की ऊतींना इजा होते, त्यांचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि इजा झालेल्या जागी कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक जमू लागतात. रक्तातले कॅल्शियम मात्र बहुधा नॉर्मलच असते. मुलीची एक गाठ फुटली, तेव्हा तिच्यातून ओल्या खडूसारखा पांढरा पदार्थ आला. अशा द्रवाच्या तपासणीत संशोधकांना मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी आणि इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांसारखी दाह वाढवणारी प्रथिने आढळलेली आहेत, म्हणजे गाठीच्या जागीही प्रतिकार यंत्रणा कार्यरत असते. रक्तात एनएक्सपी-२ या शरीराच्याच प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी (प्रतिपिंड) असलेल्या मुलांना या गाठींचा धोका अधिक असतो. स्क्लेरोडर्मा या त्वचा कडक करणाऱ्या आजारात बोटांच्या टोकांशी येणाऱ्या गाठींचे मूळही असेच स्वतःच्या शरीरावर उलटलेल्या प्रतिकार यंत्रणेत असते.

मूत्रपिंड किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीच्या विकारात रक्तातील कॅल्शियम वा फॉस्फेट खरोखरच बिघडून गाठी होऊ शकतात. त्यामुळे आधी रक्त तपासावे, हे योग्यच. मात्र तपासणी न करता मुलाचे दूध तोडणे योग्य नाही. डर्मॅटोमायोसायटिसच्या मुलांना स्टेरॉइड द्यावे लागते, त्याने हाडे ठिसूळ होतात, आणि म्हणूनच त्यांना पुरेसे कॅल्शियम व ड जीवनसत्त्व मिळणे अधिकच गरजेचे असते.

एकदा झालेल्या गाठी हमखास विरघळवील असे औषध आजही नाही. डिल्टियाझेम, बिस्फॉस्फोनेट वापरून पाहतात, काहींना शस्त्रक्रिया करावी लागते, पण परिणामाची खात्री देता येत नाही. सगळा भर गाठी होऊ न देण्यावर, म्हणजे स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट या प्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या औषधांनी दाह लवकर व पुरेसा आटोक्यात आणण्यावर असतो. उपचाराला उशीर झालेल्या मुलांमध्ये गाठींचे प्रमाण जास्त दिसते.

म्हणून आपल्या आरोग्य पुरवणीत या आजाराची सुरुवातीची लक्षणे छायाचित्रांसह छापावीत, अशी विनंती आहे. पापण्यांवर जांभळट छटा येते, बोटांच्या सांध्यांवर लालसर, खवलेदार चट्टे उठतात, जमिनीवरून उठताना मूल हाताचा आधार घेते आणि जिना चढायला कुरकुरते. घरी हे अशक्तपणा किंवा आळस म्हणून सोडून दिले जाते. अशा मुलाला विनाविलंब बालसंधिवाततज्ज्ञाकडे न्यावे, तो जवळपास नसल्यास वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात दाखवावे. गाठ आलीच असेल तर ती घरी पिळू किंवा फोडू नये, कारण तिथे जंतुसंसर्ग सहज होतो.

आपली विश्वासू,
एक पालक, सांगली