पैसे भरणाऱ्याला हमी कुठे मिळते?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सार्वजनिक ठिकाणची मोफत वाय-फाय सेवा आता गुंडाळावी आणि ज्याला इंटरनेट हवे त्याने रीतसर पैसे भरून जोडणी घ्यावी, असे सुचवणारा लेख आपल्या कालच्या अंकात वाचला. लेखकाने मुद्दे नीट मांडले आहेत आणि भाषाही संयमित आहे, त्यामुळे त्यांच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही. मात्र पैसे भरणाऱ्याला सेवेची हमी मिळते आणि फुकट वापरणाऱ्याला तक्रारीचाही अधिकार उरत नाही, हे त्यांचे म्हणणे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. गेली सहा वर्षे मी पैसे भरतो आहे, तेही आगाऊ, आणि ही हमी माझ्या वाट्याला आलेली नाही.

आमच्या भागात इंटरनेट देणारा पुरवठादार महिन्याचे पैसे घेत नाही. सहा महिन्यांचे एकदम घेतो. दरमहा ६०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये. सहा महिन्यांचे ४,२४८ रुपये मी गेल्या वर्षी जूनमध्ये भरले. जुलैत आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचे काम निघाले, खोदताना फायबर तुटली आणि घरातल्या राउटरचा लाल दिवा लुकलुकू लागला. पावसाळ्यात असे होते, हे मला समजते. एखाद-दुसरा दिवस खोळंबा झाला असता तर मी हे पत्र लिहिलेच नसते. परंतु तो लाल दिवा तेरा दिवस तसाच राहिला. पहिल्या दिवशी मला तक्रार क्रमांक मिळाला आणि तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. मी पुन्हा फोन केला, पुन्हा नवा क्रमांक मिळाला आणि दोन दिवसांनी निवारणाचा तोच संदेश पुन्हा आला. असे चार वेळा झाले. लाइनमनला विचारले तर तो म्हणे, चेंबरमध्ये पाणी आहे, पाणी उतरल्याशिवाय जोड मारता येणार नाही. आणि कार्यालयात विचारले तर ते म्हणत, आमच्या नोंदीप्रमाणे आपली लाइन सुरू आहे. तुमच्या नोंदीत सुरू असलेली लाइन माझ्या घरात मला दाखवा, एवढेच मी त्यांना सांगत राहिलो.

याच तेरा दिवसांत माझ्या मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचे होते. ज्यांच्या घरात या वर्षी बारावीचा विद्यार्थी आहे त्यांना हे दिवस कसे जातात हे वेगळे सांगायला नको. मुदत मोजक्या दिवसांची असते, गुण आणि मागील वर्षांचे कटऑफ समोर ठेवून महाविद्यालयांची यादी शेवटपर्यंत बदलत राहते आणि महाविद्यालयाचा एक संकेतांक मागे-पुढे झाला तर वर्षाचा प्रश्न होतो. आमचे घर जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे. मोबाइलचे नेटवर्क फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत मिळते आणि तेही पाऊस जोरात असला की नाहीसे होते. दोन संध्याकाळी तिने खिडकीत उभे राहून प्रयत्न केला. दोन्ही वेळा अर्धी यादी भरून होईपर्यंत पान अडकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

मुदत संपण्याच्या आदल्या रात्री मी दादरहून कामावरून परत येत होतो. मुलीला फोन करून सांगितले की वही घेऊन ठाणे स्टेशनवर ये. तिने दहा रुपयांचे फलाट तिकीट काढले आणि आम्ही फलाटावरच्या एका बाकावर बसलो. स्टेशनवरच्या वाय-फायला तिने तिचा क्रमांक दिला, ओटीपी आला आणि प्रवेशाचे संकेतस्थळ उघडले. ते पान बहुतांशी मजकुराचे असल्यामुळे धिमा वेगही पुरला. मी वहीतले संकेतांक वाचत होतो आणि ती भरत होती. तिच्या क्रमांकावर मिळणारा मोफत अर्धा तास संपला तेव्हा चाळीसच्या आसपास पर्याय जतन झाले होते. उरलेले आम्ही माझ्या क्रमांकावरच्या अर्ध्या तासात भरले आणि सव्वादहाच्या सुमारास अर्ज निश्चित झाला. घरी सशुल्क जोडणी मृतावस्थेत होती आणि मुलीचा प्रवेश अर्ज एका मोफत सेवेने पूर्ण केला, ही वस्तुस्थिती आहे. आपल्या लेखकाने याला अपवाद म्हणावे, परंतु ज्याच्यावर वेळ येते त्याला तो अपवाद वाटत नाही.

स्टेशनवरची ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. रेल्वेची रेलटेल ही कंपनी आणि गूगल यांनी ती मिळून उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेताना सांगितले की भारतात मोबाइल डेटा स्वस्त झाल्यामुळे अशा सेवेची निकड कमी झाली आहे. आपल्या लेखाचा सगळा भार याच कारणावर आहे. पण त्यानंतरची सहा वर्षे लेखकाने का वगळली? २०२१ च्या अखेरीस आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. दररोज दीड जीबी देणारी जी २८ दिवसांची योजना २३९ रुपयांना मिळत होती, ती जुलै २०२४ पासून २९९ रुपयांची झाली. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा वेळा रिचार्ज करावे लागते, म्हणजे एका फोनचे ३,८८७ रुपये आणि तीन फोनच्या घराचे ११,६६१ रुपये. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२२ मध्ये कंपन्यांना तीस दिवसांची किमान एक योजना ठेवायला सांगितले, पण २८ दिवसांची मोजणी काही संपली नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या घरी चार माणसांत एकाच फोनला रिचार्ज असते आणि तो फोन दिवसभर त्यांच्या मुलाकडे कामावर असतो. त्यांच्या नातीने अभ्यासासाठी रीतसर पैसे भरून जोडणी घ्यावी, असे आपले लेखक तिला समोर बसवून सांगू शकतील का?

मोफत सेवेत सगळे चांगले आहे असे माझे म्हणणे नाही. अर्ध्या तासाची मर्यादा आहे आणि वेग १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) आहे. २०२३ च्या सरकारी व्याख्येप्रमाणे ज्याला ब्रॉडबँड म्हणायचे त्याचा किमान वेगच २ एमबीपीएस आहे, म्हणजे स्टेशनवर मिळते ते व्याख्येत बसत नाही. अशा उघड्या जाळ्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी मुलीलाही सांगितले होते. ज्याच्याकडे चालू मोबाइल क्रमांक नाही त्याला ओटीपीच मिळत नाही, म्हणजे सर्वांत गरजू माणूस तिथेही दाराबाहेर राहतो. मात्र या उणिवा दूर करण्याजोग्या आहेत. त्यासाठी सेवा बंद करणे हा उपाय मला पटत नाही.

लेखकाने फुकटच्या सवयीविषयी लिहिताना आणखी एक गल्लत केली आहे. कंपनीने ग्राहक ओढण्यासाठी दिलेले मोफत आणि सार्वजनिक संस्थेने सोय म्हणून दिलेले मोफत, ही दोन्ही त्यांनी एकाच मापाने मोजली आहेत. जिओने सप्टेंबर २०१६ पासून मार्च २०१७ पर्यंत सेवा मोफत दिली आणि पुढे दर लावले; तो व्यापार होता आणि तसा करण्याचा त्यांना हक्क होता. फेसबुकचे फ्री बेसिक्स निवडक संकेतस्थळेच मोफत दाखवणार होते, म्हणून ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली आणि ते योग्यच झाले. स्टेशनवरच्या बाकावर मात्र माझ्या मुलीला कोणते संकेतस्थळ पाहायचे हे कोणी ठरवून दिले नव्हते. माझ्या वडिलांना वर्तमानपत्र विकत घेणे परवडत नसे तेव्हा ते रोज सकाळी मुक्तद्वार वाचनालयात जाऊन उभ्याने वाचत असत, आणि पगार सुरू झाल्यावर त्यांनी पहिली वर्गणी भरली ती आपल्याच दैनिकाची. ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालते, त्या गावाला तरी फुकट वाचणारा आणि पैसे देऊन वाचणारा यांच्यात भांडण लावण्याची गरज पडू नये.

आता हमीकडे वळतो, कारण लेखातला सर्वांत चुकीचा भाग मला तोच वाटतो. तेरा दिवसांचे माझे ३०७ रुपये होतात. ते पुढच्या वर्गणीत वळते करावेत, एवढी माझी मागणी होती. पुरवठादाराने लेखी उत्तर दिले की त्यांच्या धोरणात तशी तरतूद नाही. ट्राय ग्राहकाची वैयक्तिक तक्रार हाताळत नाही. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे लागते आणि तिथे समाधान झाले नाही तर अपील करायचे ते कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे. ज्याने माझी तक्रार चार वेळा न सोडवता बंद केली, त्याच्याच दुसऱ्या टेबलावर मी न्याय मागायचा. ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे हे मला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दूरसंचार सेवांबाबत ते दार खुले असल्याचे स्पष्ट केले आहे. परंतु ३०७ रुपयांसाठी किती नोकरदार माणसे रजा टाकून आयोगाच्या तारखा करतील? पुरवठादारालाही हे गणित माहीत आहे. आमच्या इमारतीत दुसऱ्या कोणाची वायर येऊ दिली जात नाही, त्यामुळे बदलून घेण्याचा पर्यायही कागदावरच आहे.

वायरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. फायबर तुटली तेव्हा नवी वायर समोरच्या गुलमोहरावरून ओढून आणली आणि जुनी तशीच सोडून दिली. ती आजही पदपथावर माणसाच्या मानेइतक्या उंचीवर लोंबते आहे. गेल्या महिन्यात एका दुचाकीस्वाराच्या हँडलमध्ये ती अडकली. वेग कमी होता म्हणून तो वाचला. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात मी दोन अर्ज दिले आहेत आणि दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याने आपली मेलेली वायर तरी उतरवून न्यावी, ही अपेक्षा जास्त आहे का?

मोफत सेवा कोणी चालवावी, असा प्रश्न लेखाच्या शेवटी विचारला आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली तेव्हाच त्याचे एक उत्तर मिळाले आहे. चहाची टपरी असो वा किराणा दुकान, कोणालाही परवाना आणि शुल्क यांशिवाय सार्वजनिक वाय-फाय देता येते. त्यासाठी दुकानदाराला घ्याव्या लागणाऱ्या जोडणीचे दर अवाजवी असल्याची तक्रार होती. जून २०२५ मध्ये ट्रायने ते घरगुती योजनेच्या दुपटीपेक्षा जास्त असू नयेत असे ठरवून दिले. केरळने तर जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू करून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे काम हाती घेतले. आपल्या ठाण्यात एवढे मोठे काही नको. महापालिकेच्या अभ्यासिका, प्रभाग कार्यालये, तलावपाळी आणि कळवा, मुंब्रा, लोकमान्यनगर येथील बसथांबे एवढ्या ठिकाणी वेळेची मर्यादा न ठेवता २ एमबीपीएस दिले तरी पुष्कळ मुलांची सोय होईल. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, भरतीचे सगळे अर्ज ऑनलाइनच भरायचे असा नियम सरकारनेच केला आहे, तर ते भरण्यापुरती जागा देणे हे त्याच सरकारचे काम आहे.

माझी आपणास विनंती आहे की कालच्या लेखाच्या लेखकांनी एकदा रात्री नऊनंतर ठाणे स्टेशनच्या फलाटावर येऊन बसावे. त्या रात्री आमच्या शेजारच्या बाकावर पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा सरावाच्या प्रश्नपत्रिका फोनवर उतरवून घेत होता. तो दिवा स्टेशनहून रोज येतो, असे त्याने सांगितले. त्या वाय-फायसाठी तो मासिक पास काढतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)