मागच्या रेडियमबद्दल

ड्युलुथ, मिनेसोटा
१८ जानेवारी

ती. आबा,
शि. सा. नमस्कार.

बर्फावरच्या गाडीवर बसलेला माझा फोटो बघून आई रात्रभर झोपली नाही, असं धाकट्यानं सांगितलं. म्हणून सविस्तर लिहिते. तिला वाचून दाखवा.

या गाडीला स्नोमोबाइल म्हणतात. पुढं दोन स्की, मागं रबरी पट्टा, चाक एकही नाही. मिनेसोटात तिच्यासाठी बावीस हजार मैलांहून जास्त वाटा आहेत आणि त्यातल्या बहुतेक गावोगावच्या क्लबांची माणसं राखतात. १९७६ नंतर जन्मलेल्याला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो मी घेतलाय. स्विचची दोरी माझ्या कोटाला अडकवलेली असते. मी पडले तर दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. लोंबता स्कार्फ घालत नाही, पट्ट्यात अडकतो. एवढं आईला मुद्दाम सांगा.

तळ्यांची मात्र मलाही भीती वाटते. रंकाळ्याहून कितीतरी मोठी तळी गोठतात आणि वाट त्यांच्यावरून जाते. नवा, काचेसारखा बर्फ चालायला ४ इंच हवा, स्नोमोबाइलला ५ ते ७ इंच. पांढरा बर्फ असेल तर दुप्पट. जिथं ओढा मिळतो, पुलाखाली पाणी वाहतं, तिथं थर पातळच राहतो, पण वरून सगळं सारखंच दिसतं. आपल्याकडं राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. बंधारा तर त्याच्या किती आधी पाण्याखाली जातो, तरी ‘एवढंसंच तर पाणी आहे’ म्हणून कोणीतरी गाडी घालतोच. लहानपणी तिथं तुम्ही माझं मनगट धरून मागं ओढलं होतं. ते मनगट इथं काठावर आठवतं. मी तळ्यावर गाडी घालत नाही, आबा.

रानातल्या वाटेवर खुणा असतात. टोकावर उभा केलेला नारिंगी चौकोन म्हणजे वाट बरोबर आहे. पिवळा म्हणजे पुढं वळण, उतार नाहीतर पूल. डांबरी रस्ता आडवा आला की लाल थांबा. गेल्या शनिवारी क्लबातले एक सत्तरीचे आजोबा आमच्या पुढं होते. एका वळणावर पिवळ्या पाटीवर बर्फ चिकटला होता. ते उतरले, मांडीएवढ्या बर्फात रुतत पाटीपर्यंत गेले आणि हातमोज्यानं ती पुसून आले. त्यांना ते वळण पाठ आहे. पुसली ती मागनं येणाऱ्या अनोळखी माणसासाठी.

अरुंद वाटेवर समोरून कोणी आलं की पुढचा माणूस खांद्यावरून अंगठा मागं दाखवतो, म्हणजे अजून गाड्या आहेत. शेवटचा खांद्याशी मूठ धरतो, म्हणजे मी शेवटचा, आता वाट मोकळी. त्या दिवशी शेवटची मी होते. पावणेपाचलाच सूर्य मावळला होता. दिव्याच्या उजेडाच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा, हे आम्हाला शिकवलंय, कारण वाट सपाट करणारं अवजड यंत्र बहुतेक रात्रीच फिरतं आणि अगदी हळू चालतं. त्याच्या डोक्यावरचा लुकलुकता दिवा लांबूनच दिसला आणि मला आपली ट्रॉली आठवली.

खरं सांगायचं ते हेच आहे. गळिताचा हंगाम चालू आहे, धाकटा रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला जातो. गेल्या वर्षी पंक्चर झाली म्हणून ट्रॉली रस्त्याकडेला उभी केली होती, तेव्हा एक मोटरसायकलवाला हातभर अंतरावर येऊन थांबला. तो पोरगा थरथरत होता, असं तुम्हीच सांगितलं होतं. ट्रॉलीला मागं रेडियम होतं, पण निम्मं सोललेलं, आणि उरलेल्यावर उसाचे शेंडे लोंबत होते. त्याच्या जागी आपल्याच घरचं कोणी असतं तर?

धाकट्याला सांगा, दोन्ही ट्रॉल्यांना मागं लाल आणि बाजूला पिवळी पट्टी नवी लावून घे. पट्टीवर येणारा ऊस फडातच छाटून घे. काट्यावर नंबर येईपर्यंत ओल्या फडक्यानं पुसायला दोन मिनिटं पुरतात. ट्रॉली उभी करायची वेळ आली तर नुसता दगड लावून भागत नाही, मागं पन्नास पावलांवर बॅटरी घेऊन माणूस उभा पाहिजे.

पैसे काल त्याच्या खात्यावर टाकलेत. पट्ट्या लावल्या की रात्री अंधारात, मागनं बॅटरी मारून फोटो काढायला सांगा आणि मला पाठवा. पाय दुखत असताना तुम्ही फडावर जाऊ नका. आईला नमस्कार.

तुमची लेक