केडगावहून आई-बाबांस

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बँकेचा राजीनामा मी गेल्या सोमवारी दिला आणि तो मंजूरही झाला. फोनवर सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते आहे. दर शनिवारी येथील ज्या ख्रिस्ती केंद्रात मी बायकांना शिवण आणि हिशेब शिकवायला येत होते, तेथे आता पूर्णवेळ राहणार आहे. बँकेत मला काही त्रास नव्हता, हे कृपया लक्षात घ्या.

बाबा, तुमच्या मनातला प्रश्न मला ठाऊक आहे. सकाळच्या प्रार्थनेला मी मागच्या बाकावर बसून मनात हरिपाठ म्हणते आणि आजवर मला कोणी हटकलेले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यात आले, आणि १८९३ मध्ये मुली बाटतील या भीतीने अनेक पालकांनी त्यांना काढून नेले. ती भीती अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही, कारण बाईंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही; पण दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या मुलींना याच केडगावात आणून त्यांच्या हाती माग, शेती आणि छापखान्याचे खिळे दिले, तेही त्यांनीच.

मागच्या आठवड्यात नवऱ्याने टाकलेल्या एका मुलीने टेप उलटी धरून इंग्रजी सहाचा नऊ वाचला आणि ब्लाउजचा मागचा गळा तीन इंच जास्त कापला. मार बसणारच, अशा समजुतीने तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले. आम्ही नाडी-गोंडे लावून तो सावरला, आणि गिऱ्हाइकाला आवडलाही! आई, पिंपरीच्या त्या दोन वर्षांत तुझ्या मशीनच्या खडखडाटातच मला झोप लागायची; येथे दुपारी अजूनही डोळे मिटू लागतात.

पगार निम्मा होईल, पण तुमच्या औषधांचे पैसे मी आधीच वेगळे काढले आहेत. खोली हवेशीर आहे, अंघोळीला गरम पाणी मिळते, भाकरी तव्यावरची असते, आणि दौंडच्या गाडीने दर रविवारी मी घरी येईनच.

बाबांनी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊन वाचवू नये. आईने स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढू नयेत. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकललेली मला चालणार नाही. काकांना मी स्वतः सांगेन. तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका.

आई, मशीनला तेल घालायची ती लहान कुपी तेवढी शोधून ठेव, रविवारी घेऊन जाईन.

तुमची,
छकुली