हदास हे आजीचंच नाव आहे

अश्दोद, इस्रायल
गुरुवार, रात्र

प्रिय आई-बाबा,
शालोम.

तुमच्या नातीचं नाव ठरलं. हदास. कागदावरही गेलं, त्यामुळे आता बदल नाही. फोनवर बाबा नुसतं ‘बरं’ म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला, तेव्हाच मनाशी म्हटलं की हे नीट बसून लिहायला हवं. फोनवर मी घाई करते आणि बाबा गप्प होतात. पत्र निदान पुन्हा वाचता येतं.

बाबा, तुमच्या मनात ‘एस्तेर’ होतं. ताईला दोन्ही मुलगे झाले, तेव्हापासून तुम्ही आजीचं नाव माझ्या वाट्याला राखून ठेवलं होतंत. दारफळणीला, म्हणजे योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी, आपल्या बेने इस्रायल यहुद्यांच्या मशिदीत (सिनेगॉगमध्ये) गेलेल्यांसाठी हश्कबा म्हणताना आजीचं नाव आलं की तुमचा आवाज कसा बदलतो, ते मी लहानपणापासून बायकांच्या बाजूला बसून ऐकलं आहे. ते नाव बाजूला सारायचं माझ्या मनातही येणार नाही. म्हणून एक काम करा. चष्मा लावा, पवित्र शास्त्रातलं एस्तेरचं पुस्तक काढा आणि दुसऱ्या अध्यायातलं सातवं वचन वाचा. मर्दखयानं आपल्या चुलत्याच्या मुलीला वाढवलं, तिला ना आई होती ना बाप, आणि तिचं नाव तिथे आधी काय दिलंय? हदासा. एस्तेर मागून येतं. एस्तेर हे फारसी-बाबेली वळणाचं, राजवाड्यातलं नाव, असं बरेच अभ्यासक मानतात. घरातलं, हिब्रू नाव हदासा. आजी रेवदंड्याला चुलत्याच्या घरी कशी वाढली ते तुम्हीच आम्हाला सांगितलंत. तिच्याकरता हिब्रू नाव शोधायचं, तर याहून जवळचं मला कुठे मिळणार होतं?

आई म्हणेल, मग पूर्ण ‘हदासा’ का नाही? इथे हदासा म्हटलं की आधी जेरुसलेमचं इस्पितळच डोळ्यांपुढे येतं. 1912 साली अमेरिकेतल्या यहुदी बायकांनी हेन्रिएटा सोल्ड यांच्या पुढाकारानं संस्था काढली, तीही पुरीमच्या, म्हणजे एस्तेरच्या सणाच्या, सुमारास, म्हणून तिला एस्तेर राणीचं हे नाव मिळालं, आणि तेच पुढे त्यांच्या इस्पितळाला. नाव थोर आहे, पण पोरीला वर्गात रोज ‘तुझं इस्पितळ कुठे आहे’ असं ऐकावं लागेल. हदास इथे रुळलेलं आहे. मुलींना झाडांची, पानांची नावं ठेवायची पद्धतच आहे इथे. तामार म्हणजे खजुराचं झाड, एला हेही एक झाड. तसं हदास.

बाबा, आणखी एक तुम्ही विचाराल म्हणून आधीच लिहिते. दोन्ही नावं का नाही लावली, हदास एस्तेर? एलीचीच दोन नावं आहेत. दुसरं फक्त ओळखपत्रावर आहे, त्याच्या आईलाही ते आठवून सांगावं लागतं. आजीचं नाव असं कार्डावर पडून राहावं हे मला नको होतं. जे ठेवायचं ते दिवसातून शंभरदा तोंडात यायला हवं.

सासूबाईंच्या मनात ‘सिम्हा’ होतं, त्यांच्या आईचं. मोरोक्कोच्या लोकांत जिवंत आजीचं नाव ठेवणंसुद्धा मानाचं आणि आयुष्य वाढवणारं समजतात, म्हणून एलीनं तर आई, तुझंच नाव सुचवलं होतं. तू फोनवर ‘नको रे बाबा’ म्हणालीस ते त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली, रेवदंड्याची, चुलत्याची, घाण्याची. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, मग हदासच. आई, तू त्यांच्याविषयी मनात काही ठेवू नकोस. तुला जे वाटतं तसं त्या नाहीत.

बाकीची नावं एकेक करून गळाली. नोआ मला फार आवडलं होतं. सलाफहादाच्या पाच मुलींपैकी ती एक. बापाला मुलगा नाही म्हणून आमचा हिस्सा बुडवू नका, असं मोशेसमोर उभं राहून सांगणाऱ्या त्या मुली. आपल्या घरात आम्ही दोघी बहिणीच, म्हणून ते नाव मला आपलं वाटलं होतं. पण इथे प्रत्येक बालवाडीत दोन-तीन नोआ असतात. शिरा म्हणजे हिब्रूत गाणं, कविता. ठाण्यात मात्र सगळे वाटी पुढे करतील. आणि आयाला, म्हणजे हरिणी, हे नाव घेऊन ती आपल्या आळीत आली असती तर लोकांनी काय ऐकलं असतं ते तुम्हीच बघा. दोन्ही ठिकाणी ताठ मानेनं सांगता येईल असं नाव हवं होतं मला. हदासला एकच अडचण आहे: रामदास, हरिदास यांच्या रांगेतलं मुलाचं नाव वाटेल. वाटू दे. एकदा तिला पाहिलं की कुणाला वाटणार नाही. मात्र मावशीला आताच सांगून ठेवा, ‘द’ आहे, ‘ड’ नाही. ‘हडस’ म्हणून हाक मारलेली मी ऐकून घेणार नाही.

हदासचं झुडूप तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त लक्षात नसेल. सुक्कोथला, मांडवांच्या सणाला, लुलावबरोबर (खजुराच्या कोंबाबरोबर) बांधतात ते. एक खजुराचा कोंब, दोन डहाळ्या वाळुंजाच्या, तीन हदासच्या, आणि सोबत एत्रोग, म्हणजे महाळुंग. पानं मेंदीसारखी बारीक, गर्द हिरवी, एकाच ठिकाणाहून तीन-तीन फुटलेली. तशी तिहेरी पानांची डहाळीच चांगली मानतात. बोटांत चुरडली की वास येतो. सण संपला की काही घरांत त्याच डहाळ्या ठेवतात आणि शनिवारचा शब्बाथ उतरताना हवदालाच्या प्रार्थनेत हुंगायला घेतात. यंदा एलीनं त्या पाण्यात घालून ठेवल्या होत्या, आणि मी इस्पितळातून घरी आले तेव्हा त्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत होत्या. आई, तुला आजीचा सब्ज्याचा डबा आठवतो ना? तेलाच्या डब्यात लावलेला, गॅलरीच्या कठड्याला तारेनं बांधलेला. मलिद्याच्या, म्हणजे प्रसादाच्या गोड पोह्यांच्या, ताटात ठेवायला आणि बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणायला ती त्यातली काडी खुडायची, आणि आधी माझ्या नाकाला लावायची. त्या डब्याच्या मातीत हात घातला म्हणून तू मला रागावायचीस आणि आजी तुला. मला तिचा चेहरा आता पूर्ण आठवत नाही, पण तो वास नाकात आहे.

बाबांनी ताईला म्हटलं म्हणे, की तिथल्यांसारखं व्हायचं म्हणून आपली नावं पुसायची का. बाबा, हे वाक्य मला लागलं, पण त्याच्यामागचं मला कळतं. थोरल्या काकांनी 1964च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरलं होतं. रब्बीनातीला, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या कचेरीला, आपल्या लोकांकडून लग्नासाठी आईचं, आजीचं, पणजीचं कूळ सिद्ध करून हवं होतं. आपण पुरेसे यहुदी नाही, असं आपल्याच लोकांनी म्हटलेलं काकांच्या पत्रांतून घरी आलं, आणि ते तुमच्या मनात राहिलं. पण मी हे नाव कुणाला पुरावा म्हणून दाखवायला ठेवलेलं नाही. आमच्या लग्नात असलं काही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काकांसारखीच बसले असते.

आणि नावं तर आपल्याकडे नेहमीच दोन अंगांची होती. मशीद बंदर स्टेशन आलं की तुम्ही मला खिडकीशी उभं करायचात. ही मशीद म्हणजे आपली मशीद, 1796 साली बांधलेली, सामाजी हसाजी दिवेकरांनी, असं दरवेळी नव्यानं सांगायचात. मी विचारायचे, मग पुस्तकात सॅम्युएल इझिकिएल का लिहिलंय? तुम्ही म्हणायचात, अगं तोच माणूस, सामाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे इझिकिएल. तेव्हा तुमच्या आवाजात केवढा अभिमान असायचा! पलटणीतले सामाजी आणि मशिदीत तोराच्या ग्रंथापुढचे सॅम्युएल तुम्हाला कधी दोन वाटले नाहीत. आपल्या पणजीचं नाव लाडूबाई, तिच्या सुनेचं एस्तेर, एस्तेरच्या पणतीचं हदास. मला यात काही पुसलेलं दिसत नाही.

एक मात्र मी तुमच्यावर सोडलंय. पाळण्यातलं नाव, घरात हाक मारायचं मराठी नाव, तुम्ही दोघांनी ठेवायचं. मी तिच्याशी मराठीतच बोलते, एली हिब्रूत. सासूबाई गाणी अरबीत म्हणतात आणि ती सगळ्यांकडे सारखीच टक लावून बघते. नाव विचार करून ठेवा, पण ‘बेबी’ आणि ‘छकुली’ चालणार नाही. ताईशी भांडायचंही नाही.

आई, आता तुझ्या काळज्या. जेवण वेळेवर होतं. सासूबाई सूप करून आणतात, आणि मी त्यांना न दुखावता त्यात लसूण-जिऱ्याची फोडणी घालते. तू पाठवलेले डिंकाचे लाडू फ्रीजमध्ये आहेत, सकाळी एक खाते. नाचणी इथल्या भारतीय दुकानात मिळते, नारळाचं दूधही. छतावर उन्हाचा बंब आहे, त्यामुळे गरम पाणी दिवसभर असतं, आणि तिला न्हाऊ घालताना घाई करावी लागत नाही. टिपत हलावमध्ये, म्हणजे बाळांच्या सरकारी दवाखान्यात, वजन बघतात, लसी देतात. वजन नीट वाढतंय. बाळगुटी मात्र देणार नाही, तिथल्या नर्सनं स्पष्ट नाही सांगितलंय. त्यावर आता बोलायचं नाही. पगारी रजा पंधरा आठवड्यांची आहे, तेव्हा लगेच कामाला जाणार का हे सारखं विचारू नकोस.

आणि सायरनचं. तू विचारत नाहीस, पण रात्री बातम्या लावून बसतेस हे ताईनं सांगितलं. हदासचा पाळणा ममादमध्येच ठेवलाय, म्हणजे काँक्रीटच्या भिंती आणि पोलादी झडप असलेल्या खोलीत. काही झालं तरी तिला झोपेतून उचलून पळावं लागत नाही, आम्हीच तिच्याकडे जातो. घरातली सगळ्यात भक्कम खोली तिची आहे. बातम्या बघू नकोस, मला फोन कर. कितीही वाजलेले असोत, मी जागीच असते.

तुम्ही दोघं बारशाला इथे नाही, याचं मला किती वाटतं ते लिहायला गेले तर पत्र पुढे जाणार नाही. बाबांच्या गुडघ्यानं एवढा प्रवास आत्ता नको, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि मीही सांगते. त्याऐवजी असं करू. येत्या शनिवारी एलीला इथल्या मशिदीत सेफेरसमोर, म्हणजे तोराच्या ग्रंथासमोर, बोलावतील आणि तिचं नाव पुकारतील. त्याच शनिवारी ठाण्याच्या मशिदीत बाबांनी हझानांना, प्रार्थना चालवणाऱ्यांना, सांगून तिच्या नावानं प्रार्थना करवून घ्यायची: हदास बत एलियाहू, म्हणजे एलीची मुलगी हदास. शुक्रवारीच सांगून ठेवा, ऐन वेळी नको. शब्बाथ उतरला की घरी एलियाहू हन्नाबीचा (संदेष्टा एलियाचा) मलिदा करा. पोहे जाडे घ्या, गूळ बेताचा, ओलं खोबरं आदल्या दिवशी खवून ठेवू नका. आई, तू ताटातला प्रसादापुरताच खायचास. तुझी साखर मला ताई कळवते, तू सांगितलेला आकडा मी धरतच नाही.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला नवस फेडायला जायचं बाबांच्या मनात आहे, तेही ताईकडून कळलं. जा, मी अडवत नाही. पण एसटीनं नाही. ताईच्या गाडीनं, सकाळी निघून उजेडात परत, आणि खडकावर चढायचं नाही, खालीच उभं राहून प्रार्थना म्हणा. एलियाहू हन्नाबी तिथूनही ऐकतो. बाबा, काठी घेऊन जा. लाज वाटायचं कारण नाही. रक्तदाबाची गोळी प्रवासाच्या दिवशी चुकवायची तुमची सवय मला माहीत आहे, म्हणून ती ताईच्या पर्समध्ये राहील.

पेसाहच्या सणानंतर इकडे हवा छान असते, ना थंडी ना उकाडा. तेव्हा या. सोबतीला कोण येईल, विमानतळावर चाकाची खुर्ची कशी मागायची, ते सगळं मी इथून करते. फक्त आईचा पासपोर्ट उन्हाळ्यात संपतोय आणि त्याला बराच काळ शिल्लक असावा लागतो, तेव्हा ते काम याच महिन्यात करून टाका. जुना पासपोर्ट लोखंडी कपाटात, आजीच्या हिब्रू सिदूरच्या, म्हणजे प्रार्थनापुस्तकाच्या, खाली आहे.

तुमची,
धाकटी