मजूर रात्री झोपतात कुठं, हे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई आणि हौसेनं हवामानाच्या नोंदी ठेवणारी तुमची सगळी मंडळी,

नमस्कार. मी मानेवाड्याकडच्या साइटवरचा मुकादम. मे महिन्यात वेळी-अवेळी फोन करून तुम्हाला भंडावून सोडलं तो मीच. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि वाऱ्याची दिशा सांगायला लागता. म्हणून चार लोकांच्या देखत लिहितो, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

त्या आठवड्यात सगळेच गाफील होते. संध्याकाळी आभाळ भरून यायचं, वादळी पाऊस दोन सडाके मारून जायचा, दुपारीही मे महिना वाटत नव्हता. लोक म्हणत होते, यंदा नवतपाही, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवसही, असाच जाणार. आमच्या स्लॅबचा दिवस ठरला. गिट्टी, रेती येऊन पडली, सेंट्रिंग बांधून तयार. आणि तुमचा निरोप आला. माझ्या पोरीच्या कॉलेजातला एक मुलगा तुमच्यात आहे, त्याच्याकडून तुमच्या नोंदी माझ्या फोनवर येतात. तीनच ओळी होत्या. वारा फिरला, आग्नेयेचा होता तो वायव्येचा झाला. हवेतली ओल दुपारपासून झपाट्यानं उतरतेय. आभाळ मोकळं होईल, पुढचे दिवस उन्हात काम काढू नका.

हवामान खात्याचाही इशारा होता, हे तुम्हीच सांगितलं. खात्याला नावं ठेवू दिली नाहीत. पण तो जिल्ह्याचा इशारा होता, आणि आमच्या साइटवर जिल्ह्याचं कागद कोण वाचतं? शिवाय उष्णतेची लाट जाहीर व्हायलाही नियम आहेत. सपाट प्रदेशात पारा निदान 40 वर हवा, नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवा किंवा सरळ 45 गाठलेला हवा, तोही दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस. म्हणजे लाट आली असं म्हणायला दुसरा दिवस उजाडतो. डोक्यावर घमेलं घेऊन चढणाऱ्या रेजाला, म्हणजे मजूर बाईला, पहिल्याच दुपारी ऊन लागतं. हा मधला एक दिवस तुम्ही आम्हाला दिलात.

मी इंजिनिअरसाहेबांना फोन दाखवला. ते म्हणाले, "नागपूरला ऊन काय नवीन आहे का? अन् गच्चीवर थर्मामीटर टांगणाऱ्यांचं ऐकून स्लॅब थांबवायचा?"

ताई, हे वाक्य मला फार लागलं. गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका साइटवर आमचा एक पोरगा पडला होता. अंग भट्टीसारखं, घाम बंद, तोंडात भलतंच बरळणं. आम्ही पाण्यानं भिजवून, वारा घालून त्याला शुद्धीवर आणलं, ऑटोत टाकून दवाखान्यात नेलं. तो वाचला. आठवड्याच्या हिशेबाला बसलो तेव्हा तिथल्या कार्यालयानं त्याचा अर्धा दिवस कापलेला होता. विचारलं तर म्हणाले, काम अर्धंच केलं ना त्यानं. चूक झाली असं एकाही तोंडातून निघालं नाही. भिंतीवर मात्र 'भरपूर पाणी प्या' असा रंगीत कागद लावलेला होता, आणि त्याच्या खालचा नळ कोरडा.

आणि काँक्रीटची काळजी बघा. हवा 40 अंशांच्या वर असली तर काँक्रीट टाकताना काय काय सांभाळायचं याचं भारतीय मानक आहे, आयएस 7861. गिट्टीवर पाणी मारा, पाण्यात बर्फ टाका, माल तापू देऊ नका. स्लॅब पडला की त्यावर ओली पोती, दिवसातून कितीदा तरी पाणी मारून तराई. या सगळ्याला साहेबांची कधी ना नसते. बिघडला तर पैसे जातात. पोतं भिजवून माणसाच्या डोक्यावर ठेवायचं म्हटलं की वेळ नसतो.

म्हणून त्या रात्री वैतागून तुम्हाला फोन केला. उद्या दुपारी किती जाईल, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही आकडा सांगितला, आणि मग थोडं थांबून विचारलं, "दादा, तुमचे लोक रात्री झोपतात कुठं?"

मी या कामात केस पांढरे केले. मालक आले, इंजिनिअर आले, पाहणीला साहेब लोक येऊन गेले. हा प्रश्न कोणी विचारला नाही. सगळे दुपारचंच बोलतात. मी म्हणालो, टिनाच्या शेडमध्ये, सगळे छत्तीसगडचे, बायकापोरं धरून. तुम्ही म्हणालात, मी येते.

तुम्ही स्कूटीवर आलात. पिशवीत थर्मामीटर आणि दोऱ्याचं रीळ. भिंतीला लागू नये, टिनाला लागू नये, म्हणून मधल्या वाशाला दोरा बांधून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर तो सोडलात. पारा स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो म्हणून सिमेंटच्या पोत्यावर बसून राहिलात. शेडमध्ये उकळत होतं, पोरं रडत होती, आणि तुम्ही पदरानं वारा घेत एका म्हाताऱ्या रेजाशी तिच्या गावच्या तळ्याबद्दल बोलत होतात. मग आकडा वाचलात. तो मला सांगायच्या आधी तिला सांगितलात. बाहेर अंधार पडून किती वेळ झाला होता, तरी टिनाखाली 40 च्या वर होतं. ती म्हणाली, "दीदी, हमको तो लगा हमारी ही तबीयत खराब है."

मला ते वाक्य अजून झोपू देत नाही. त्या बाईला वाटत होतं की दोष आपल्या अंगात आहे. तुमच्या काचेच्या नळीनं तिला सांगितलं की दोष छपरात आहे.

तुम्ही मला साध्या शब्दांत समजावलं. दिवसभर चढलेला ताण शरीर रात्रीच्या गारव्यात उतरवतं. रात्र तापलेली राहिली तर माणूस सकाळी थकलेलाच उभा राहतो, आणि दुसऱ्या दुपारी पडतो. मग आम्ही सगळ्यांची अंथरुणं खालच्या तयार मजल्यावर नेली, जिथं चारही बाजूंनी वारा होता. मच्छरदाण्या बांधल्या. स्लॅब रात्री टाकायचा ठरला. साहेबांना कसं तयार केलं, दिवे कुठून आणले, ते राहू द्या. पहाटेपर्यंत शेवटचं घमेलं रिकामं झालं. नंतरच्या दुपारी तुमच्या नोंदीत पारा 45 च्या पुढे गेला, तेव्हा माझी माणसं सावलीत पन्हं पीत होती. एकही पडला नाही.

तुमच्यावर विश्वास का ठेवला, असं साहेबांनी नंतर विचारलं. मी त्यांना 2024 ची 30 मे आठवून दिली. रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्रानं 56 अंश दाखवलं आणि नागपूर जगात पहिलं म्हणून पोट्टे नाचत होते. इतर दोन केंद्रांवर 44 च्या आसपास होतं. तुम्ही तेव्हाच लिहिलं होतं की आमच्या एकाही थर्मामीटरच्या पेटीत असं काही नाही, हा आकडा पुढे पाठवू नका. पुढे खात्यानंही यंत्रातला बिघाड सांगितला. नागपूरचा उच्चांक 2013 च्या मे महिन्यातला 47.9, हेही तुम्हीच सगळ्यांना आठवून दिलं. जो माणूस मोठा आकडा हातात आलेला असताना खोटा म्हणून सोडून देतो, त्याच्या लहान आकड्यावर मी डोळे मिटून स्लॅब पुढे ढकलीन. आणि दर नोंदीखाली तुमची ती ओळ असतेच, आमचे आकडे हौशी आहेत, अधिकृत ते सोनेगावच्या हवामान केंद्राचे.

तुमच्यात कोणी निवृत्त मास्तर, कोणी रेल्वेतला, कोणी औषधांच्या दुकानातला, तुम्ही घर सांभाळून करता. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, कोणाकडं लग्न असो की मयत, पेटी उघडून वही भरली जाते. पगार नाही, पाटी नाही, सत्कार नाही. अशी माणसं गावात असतात आणि आपल्याला ठाऊकही नसतं. पैसे मोजून ठेवलेले लोक नळाला पाणी आहे का बघत नाहीत, आणि ओळख ना पाळख असलेली बाई रात्री स्कूटी काढून येते. चांगुलपणा अजून आहे, ताई. मी तो सिमेंटच्या पोत्यावर बसलेला बघितला.

आता कामाचं. पुढची साइट हिंगण्याकडं आहे. त्या बाजूला तुमची पेटी नाही असं तुम्ही म्हणाला होता. सुतार माझ्याकडं आहे, लाकूड आहे, पांढरा रंग आणून ठेवला आहे. झडपा कशा तिरप्या ठेवायच्या आणि जमिनीपासून किती उंच बसवायची, तेवढं येऊन दाखवा. वही भरायला माझी पोरगी तयार आहे. आणि मजुरांची शेड या वेळी टिनाची नाही, ते मी आधीच लिहून घेतलं आहे.

आपला नम्र,
मानेवाड्याचा मुकादम
नागपूर