व्हॉल्व्हचे पैसे देण्याआधी

सोलापूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या जुन्या रेडिओतल्या ईएल८४ चे, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचे, तीन हजार मागणाऱ्याला अजून हो म्हणू नकोस. आवाज फाटतोय म्हणजे व्हॉल्व्हच गेला असं नसतं. मुरारजी पेठेतल्या तुमच्या माळ्यावर तो सेट किती उन्हाळे पडून होता! त्या उन्हात कागदी कंडेन्सरचं (डीसी वीज अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणाऱ्या भागाचं) मेण मऊ पडतं, मग पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि कंडेन्सर गळू लागतो, म्हणजे अडवायची वीजही पुढे सोडतो.

सेट ६० वॉटच्या साध्या, तारेच्या (एलईडी नव्हे) बल्बच्या सिरीजमध्ये लावून सुरू कर. बल्ब झगझगीतच राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद कर. मंदावला तर बल्ब काढून सेट थेट जोड आणि ईएल८४ च्या दुसऱ्या पिनचा चासीशी (सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याशी) डीसी व्होल्टेज मोज. शून्य हवा. पॉझिटिव्ह आला तर सेट बंद करून व्हॉल्व्ह उपस, पुन्हा क्षणभर सुरू करून मोज. व्होल्टेज तसाच राहिला तर कंडेन्सर दोषी, गेला तर व्हॉल्व्ह. आत अडीचशे व्होल्ट असतात, व्हॉल्व्ह काढल्यावर त्याहून जास्त. एक हात पाठीमागेच ठेव, अगदी न चुकता.

दुसऱ्या पिनला येणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ६३० व्होल्टचा पॉलिस्टर बसव. वीस-पंचवीस रुपयांचं काम. जुना तसाच गळत राहिला तर तीन हजारांचा नवा व्हॉल्व्हही तापून जाईल, सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही. नंतर तिसऱ्या पिनवर सातच्या आसपास व्होल्ट हवेत (ही पिन म्हणजे व्हॉल्व्हचा कॅथोड; त्याला दीडशे ओहमच्या जवळपास रेझिस्टर धरून). जेमतेम एक-दोन आले तर मात्र व्हॉल्व्ह थकलाय.

तेव्हाही जुन्या नावाजलेल्या कंपनीच्या डब्यातला महागडा घेऊ नकोस. ईएल८४, ईसीसी८३ यांचे भाव गिटार आणि हाय-फाय अॅम्प्लिफायरवाल्यांमुळे चढलेत. डब्यावरच्या नावाचे पैसे तुझ्या एका स्पीकरला ऐकू येणार नाहीत. स्लोव्हाकियात आजही नवे ईएल८४ बनतात, रशियन ६पी१४पीही त्याच सॉकेटमध्ये चालतो. रेडिओतल्या ईसीएच८१, ईबीएफ८९ या बाकीच्या व्हॉल्व्हना अशी मागणी नाही. त्यांना कुणी तोच भाव लावला तर सरळ परत फीर.

आणि आकाशवाणी सोलापूर लागत नाही म्हणून स्टेशन पकडणारा ईसीएच८१ बदलू नकोस. ते १०३.४ एफएमवर आहे, तुझ्या सेटला फक्त मीडियम आणि शॉर्ट वेव्ह.

पैसे मोजायचेच तर मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की नाही दाखवणारा हिरवा व्हॉल्व्ह) आणि डायलची काच यांच्यासाठी मोज. काच फुटली की तशीच दुसरी मिळणं कठीण. मॅजिक आयचा हिरवा फॉस्फर वापराने झिजतो, म्हणून विकणाऱ्याकडून उजेडातला फोटो माग. अंधारात फिकाही चांगला दिसतो.

दोन्ही पिनांचे आकडे आणि कंडेन्सरवर काय छापलंय ते लिहून पाठव.

तुझा,
विनायक