मनीऑर्डरीवर उभं राहिलेलं शहर

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या मनिलात बाजार कुठे भरतो?" मी "मॉलमध्ये" म्हटल्यावर तुम्ही गप्प झालात, ते माझ्या लक्षात आलं. फिनिक्स मिलची चिमणी तेवढी ठेवून खाली मॉल झाला, तेव्हापासून तुम्ही त्या दारात पाऊल टाकलेलं नाही. म्हणून इथे येण्याआधीच सांगून ठेवते, इथे मॉल टाळून चालायचं नाही.

पासपोर्टचं सरकारी ऑफिस मॉलमध्ये, दाताचा डॉक्टर मॉलमध्ये, रविवारची मिस्सासुद्धा मॉलमध्ये. बाहेर ऊन आणि धूर, बाग शोधावी लागते. त्यामुळे म्हातारी माणसं दुकानं उघडायच्या आधी आत येऊन फेऱ्या मारतात. दारात रखवालदार प्रत्येकाची पिशवी काठीने ढवळून बघतो. आई, तुझा लाडवांचा डबा तो उघडायला लावणार, आत्ताच सांगते.

या सगळ्याची सुरुवात चपलांच्या दुकानातून झाली. लहानपणी चीनमधून आलेल्या हेन्री सी यांनी 1958 मध्ये शूमार्ट काढलं, तेच पुढे एसएम ही मॉलची साखळी झालं. त्यांचा पहिला मोठा मॉल 1985 चा, फिलिपिन्सचा हुकूमशहा मार्कोस याची सत्ता जायच्या आदल्या वर्षीचा. तेव्हा देश कर्जात बुडालेला, आणि हा माणूस एवढा मॉल बांधतोय! मग गिऱ्हाईक आलं कुठून? बरंचसं बाहेरून. म्हणजे सौदीतल्या नर्सेस, हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या बाया, जहाजांवरचे खलाशी, यांनी घरी पाठवलेल्या पैशातून.

ते पैसे घ्यायची खिडकीही मॉलमध्येच. मागच्या रविवारी माझ्यापुढे एक आजी दोन नातवंडांना घेऊन उभी होती. पैसे मोजून घेतले आणि तिथून थेट बुटांच्या दुकानात. धाकटीने बूट घातला, आजीने फोन त्याच्यासमोर धरला. पडद्यावरची आई काहीतरी म्हणाली, तशी आजीने बुटाचं टोक अंगठ्याने दाबून दाखवलं. पोरीचा पाय किती वाढलाय, हे त्या आईला असंच कळत असणार.

मला तुमची मनीऑर्डर आठवली, बाबा. आजी पोस्टमनसमोर अंगठा उठवायची, आणि त्या पैशातून कौलं, शाळेची फी, गणपती, सगळं निघायचं. कोकण मनीऑर्डरीवर जगतं, असं मुंबईकर सहज म्हणून जात. इथे आख्खं शहर तसं जगतं. घरं हेही बांधतात गावाकडे, नाही असं नाही. पण शहरात आलेला पैसा मॉलच्या छपराखाली जिरतो, आणि त्याचं भाडं मालकाच्या खिशात जातं. रागवा हवं तर, पण मला राग मॉलचा येत नाही. ज्यांनी बागा आणि फुटपाथ करायचे ते हात झटकून बसले, त्यांचा येतो.

आणि त्या दुकानात बूट दाखवणारी ती नोकरीवरची मुलगी! इथे अशा कितीतरी मुलींना पाचच महिन्यांचं काम देतात, कारण सहा महिने भरले की कायम करावं लागतं. याला 'एन्डो' म्हणतात. तुम्ही गिरणीत बदली कामगार असताना आज काम मिळेल का म्हणून रोज गेटवर उभे राहायचात, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही तिच्याशी नक्की बोलाल, भाषा येवो न येवो.

तिकिटं नोव्हेंबरची काढते. सप्टेंबर लागला की इथल्या मॉलमध्ये ख्रिसमसची गाणी सुरू होतात, तोवर तीच तीच ऐकून मी कंटाळलेली असेन. आई, शाल आण, आत एसी फार गार असतो. दिविसोरियाच्या जुन्या बाजारात मात्र नक्की जाऊ. तिथेही तुतुबानच्या जुन्या रेल्वे स्टेशनात मॉल केलाय, पण बाहेर रस्त्यावर अजून भाव करता येतो. मला एकदाही जमलेला नाही. तू ये आणि कर.

तुमची,
छोटी